दोन नंबरचा प्रिंटर

मी चौथी शिकलो. कॉम्प्युटर मला येत नाही, तेव्हाही येत नव्हता. पण कॉम्प्युटरच्या खोलीत मी बरीच वर्षं काढली. आल्या-गेल्याला चपला बाहेर काढायला लावायचं, कागदाचे खोके वर चढवायचे, प्रिंटरची रिबन बदलायची, साहेबांचा चहा आणायचा, अशी माझी नोकरी. धंतोलीत एका इमारतीत खाली दवाखाना होता आणि वरच्या मजल्यावर आमचं सेंटर. खाली माणसं कण्हत, वर मशीन खडखडत. ज्या कारखान्यांकडे स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता, त्यांच्या कामगारांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आमच्याकडे छापून जात. सगळ्यात मोठं काम कळमेश्वरच्या एका कारखान्याचं होतं.

हे ऐंशी सालानंतरचं. त्याआधी आम्ही विणकर. तांडापेठेत घर आणि घरात खड्ड्याचा माग. जमिनीत कमरेएवढा खड्डा खणलेला असतो, त्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातानं धोटा मारायचा. मी विणायचो, बायकोही विणायची. तिचं कापड माझ्यापेक्षा चांगलं निघायचं. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

आमची मुलगी लहान असताना एकदा एक लुगडं विणून झालं होतं आणि मागावर नवा ताणा, म्हणजे उभं सूत, चढायचा होता. पोरगी खड्ड्यात उतरली आणि रिकाम्या मागावर खटखट करत बसली. बायको चुलीपासून उठून आली आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला. तिनं पोरीवर कधी हात उचलला नव्हता. मी म्हटलं, "काहून मारलं वं?"

"रिकामा माग चालवत नसतात."

"काय होते चालवला तर?"

"त्याच्यावर काही निघत नाही. मंग चालवाचा कायले?"

तिच्या आईनंही तिला एवढंच सांगितलं असेल. आमच्याकडे कोणीच चालवत नसे.

पुढे आमची लुगडी कोणी घेईना. पॉवरलूमचं कापड स्वस्त आलं. माग मोडून त्याची लाकडं विकली, खड्डा मुरमानं भरला आणि वरून सारवून टाकला. मुलगी लग्न होऊन मौद्याला गेली. मी या सेंटरात लागलो. बायको घरी. संध्याकाळी सायकल आत घेताना पाहायचो तर ती जिथं खड्डा होता तिथंच बसलेली, पाय पोटाशी घेऊन. "जेवता का" आणि "दार लावून घ्या", याच्यापुढे तिचं बोलणं जाईना. दुखतं का, विचारलं तर नाही. रागावली का, तर नाही. बाईनं रडावं, भांडावं, एखादं भांडं आपटावं. ती काहीच करत नव्हती. मला त्याचीच भीती वाटायची.

सेंटरात दोन प्रिंटर होते. एकेक कपाटाएवढा. त्यातून कागदाची सलग घडी निघायची, एकाखाली एक तीन कागद आणि मधे कार्बन. ते तिन्ही कागद वेगळे करायचे, कार्बन काढून टाकायचा, कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडायच्या आणि चिठ्ठ्या सुट्या करायच्या. ऑपरेटर लोकांना ह्या कामाचा कंटाळा यायचा. घाईत फाडत आणि कोणाचा पगार मधोमध फाटत असे. साहेब एक दिवस म्हणाले, "कोई सबरवाली बाई है क्या?" मी बायकोला घेऊन गेलो.

पहिल्या दिवशी ती दारातच उभी राहिली. दोन्ही प्रिंटर चालू होते. तिनं डोकं जरा कलतं केलं आणि ऐकलं.

"हे तर मागावानी वाजते," ती म्हणाली.

तिला दोन नंबरच्या प्रिंटरजवळ बसवलं. पहिल्या दिवसापासून एक चिठ्ठी फाटली नाही. सूत हाताळलेल्या हाताला कागद काय जड. मशीनसाठी खोली थंड ठेवत, म्हणून ती माझा जुना स्वेटर घालून बसायची. मे महिन्यात नागपुरात पिशवीत स्वेटर घेऊन कामावर निघालेली बाई, गल्लीला मजा झाली. बाया विचारत, "कुठे चालली वं, काश्मीरले?" ती म्हणे, "हो, आज बर्फ पडणार आहे, तू येतं का?"

हो, ती बोलायला लागली होती. सायकलच्या कॅरिअरवर मागे बसून घरापर्यंत बोलायची. वाचता येत नव्हतं, पण चिठ्ठ्यांवरून लोकांची घरं ओळखायची. जेवढ्या कपाती जास्त तेवढ्या ओळी जास्त, हे तिनं कोणाला न विचारता ताडलं होतं. "एकाची चिठ्ठी आज वीतभर लांब होती. लय कापाकापी आहे बिचाऱ्याची. बहिणीचं लग्न केलं असन." असं काहीतरी रोज. बोटं कार्बननं काळी. राखेनं घासायची, तरी नखाच्या कडेला काळं राहायचंच. मला ते पाहून बरं वाटायचं.

मग कळमेश्वरच्या कारखान्यानं स्वतःचा कॉम्प्युटर घेतला. आमच्याकडचं काम निम्मं झालं. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. एके दिवशी सकाळी ती रोजच्यासारखी स्वेटर घालून जागेवर बसली. एक नंबर चालू झाला. दोन नंबर गप्प.

"आवो, हा काहून नाही चालत?"

"चालन. काम आलं की चालन."

"दिवा तर लागून आहे."

लागलेला होता. प्रिंटर तयार असला की पुढे हिरवा दिवा लागतो. जेवणाची सुट्टी होईपर्यंत ती त्या दिव्याकडे पाहत बसली. मग ऑपरेटर बाई आली. उमरेडची पोरगी, बी.एस्सी. झालेली, स्वभावानं चांगली. माझ्या बायकोला मावशी म्हणायची.

"मावशी, तो बंद केला आहे."

"बंद कुठे आहे? हात लावून पाह्य, गरम आहे."

"करंट चालू आहे. पण सिस्टीममधून डिसेबल केला साहेबांनी."

"म्हणजे बिघडला?"

"नाही, बिघडला नाही."

"म्हणजे चांगला आहे?"

"हो, एकदम चांगला आहे."

"मंग चालवा."

बाई हसली. मग मावशी हसत नाही हे पाहून तिनं खुर्ची ओढली आणि नीट समजावून सांगितलं. मीही उभा राहून ऐकलं. कॉम्प्युटर स्वतः कोणाशी बोलत नाही. जोडलेल्या एकेका वस्तूसाठी त्याच्या आत एकेक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. प्रिंटरला काय छापायचं ते तोच सांगतो.

"मंग त्या ड्रायव्हरले उठवा," बायको म्हणाली. "डुलकी लागली असन."

"झोपला नाही, मावशी. त्याला सांगून ठेवलं आहे की दोन नंबरशी बोलायचं नाही. प्रिंटर तयार बसला आहे, पण त्याच्याकडे काही पाठवायचंच नाही. मशीनच्या लेखी तो खोलीत नाहीच."

बायकोनं प्रिंटरकडे पाहिलं, मग बाईकडे.

"काही कसूर नसताना वाळीत टाकला म्हणा ना," ती म्हणाली.

मी साहेबांकडे गेलो. साहेब वाईट माणूस नव्हता. मला बसायला सांगितलं. म्हणाले, "देखो भाई, दो प्रिंटर का काम नहीं रहा. दो नंबर का मेंटेनन्स बंद कर दिया. अब कोई चलाए और कुछ टूट जाए तो कौन सुधारेगा? लडके लोग मानते नहीं, काम भेज देते हैं. इसलिए सिस्टीम से ही काट दिया."

"और बाई का, साहेब?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काम ही नहीं है तो किसलिए बिठाऊँ?"

खरंच काम नव्हतं. बाहेर येऊन तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. तिनं स्वेटर काढला, बाह्या आत घेऊन घडी केली आणि पिशवीत ठेवला. जाताना हातातल्या फडक्यानं दोन नंबरच्या वरची धूळ पुसली. त्याच्यावर धूळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायकल आत घेतली तर ती खड्ड्याच्या जागेवर. पाय पोटाशी.

पुन्हा तेच सुरू झालं. मी घरी येऊन काहीबाही सांगायचो. साहेबांना शिंक आली, रिबन उलटी बसली, खालच्या दवाखान्यात कोणाला जुळं झालं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. एकदा चुलीवर वरण उतू जात होतं आणि ती समोर बसून पाहत होती. मी धावत जाऊन उतरवलं. हात भाजला. ती म्हणाली, "भाजलं का?" तेवढंच.

ऑपरेटर बाई रोज विचारायची, मावशी कशी आहे. पहिले मी बरी आहे म्हणायचो. वरणाचं झालं त्यानंतर खरं सांगितलं. बाई खुर्ची माझ्याकडे वळवून बसली.

"काका, एनेबल करायला एक ओळ लागते," ती म्हणाली. "टाइप केली की चालू."

"मंग टाक ना वं बाई."

"टाकीन. पण छापू काय?"

तिनंच मग तोड काढली. प्रिंटर तपासायला इंजिनिअर आला की एक चाचणीचा कागद छापत असे. सगळी अक्षरं एका रांगेत, खालच्या ओळीत तीच एक घर सरकलेली, अशी पानंच्या पानं. पावसाळ्यात ओल लागलेले कागदाचे खोके माळ्यावर पडलेच होते, ते कोणी मोजत नव्हतं. साहेब शनिवारी लग्नाला भोपाळला जाणार होते. शनिवारी दुपारनंतर सेंटरात कोणी राहत नसे. मावशीला आणा, बाई म्हणाली, मी चालू करून ठेवते.

मी घरी जाऊन सांगितलं, काम आलं आहे, बोलावलं तुला.

ती उठली. काही विचारलं नाही. केसाला तेल लावलं, वेणी घातली, पेटीतून स्वेटर काढला. शनिवारी तिला कॅरिअरवर बसवून निघालो. कॉटन मार्केटच्या गर्दीत मागून आवाज आला, "ड्रायव्हर बोलाले लागला का मंग?"

"लागला."

"कोणं समजावलं त्याले?"

"ऑपरेटर बाईनं."

"शहाणी आहे पोरगी."

लोहापुलाखालून जाताना वर रेल्वे गेली, तिचं पुढचं बोलणं मला ऐकू आलं नाही. पण ती बोलत होती.

खोलीत शिरलो आणि बाईनं बटन दाबलं. दोन नंबर सुरू झाला. बंद राहिलेलं मशीन पहिले जरा घरघर करतं, मग लय धरतं. बायको आपल्या जागेवर बसली. पहिली घडी हातात आली, तिनं कार्बन ओढला, पट्टी फाडली. एक, मग दुसरी. खांदे हलायला लागले, जसे मागावर हलायचे. मी दाराजवळ उभा होतो. ऑपरेटर बाईनं माझ्याकडे पाहून मान हलवली. म्हणजे जमलं. मलाही वाटलं, जमलं. तिचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. तिच्यासाठी मी आयुष्यात काही केलं असेल तर ते हे, असं त्या घडीला वाटलं.

मग तिचे हात संथ झाले. तिनं एक कागद वर धरला. आणखी एक घेऊन शेजारी धरला.

"आवो, या चिठ्ठ्या कायच्या आहेत?"

"पगाराच्या."

"कोणत्या कारखान्याच्या?"

"नवीन आहे. मौद्याकडचा."

"तिथं सगळ्यायले सारखाच पगार आहे का?"

बाईनं मान खाली घातली. प्रिंटर चालूच होता, कागदावर कागद पडत होता.

"ओळ ओळीएवढी," ती म्हणाली. "कोणाची कपात नाही. कोणाची बाकी नाही. मले वाचता नाही येत. पाहता तर येते."

"मावशी," बाई म्हणाली, "काकांनी तुमच्यासाठीच..."

"रिकामा चालवून राहिले तुमी," ती मला म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. पोरीला धपाटा मारला तेव्हाही चढला नव्हता. मी आता तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही, तिच्या काळ्या बोटांकडे पाहत राहिलो.

"बंद कर वं बाई."

बाई उठून प्रिंटरच्या बटनाकडे गेली.

"तिथं नाही. जिथून वाळीत टाकला होता तिथून कर."

बाई परत टेबलावर येऊन बसली. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत तिनं एक ओळ टाइप केली आणि थांबली. "आता हे बटन दाबलं की झालं, मावशी." बायको उठून तिच्यामागे गेली. कार्बननं काळा झालेला अंगठा पुढे केला, जसा ती सही म्हणून करायची, आणि बटन दाबलं. प्रिंटरनं आणखी दोन-चार ओळी छापल्या आणि थांबला. हिरवा दिवा तसाच लागलेला. खाली दवाखान्यात कोणी नर्सला हाका मारत होतं, ते ऐकू यायला लागलं.

तिनं फाडलेले कागद ठोकून सारखे केले आणि बाईला दिले. "मांगून कोरे आहेत. कोण्या पोराले लिहाले दे. वाया नको घालू." बाईच्या डोक्यावरून हात फिरवला. बाई रडायला लागली. बायको नाही रडली.

पुलाच्या पुढे आल्यावर म्हणाली, "माझ्यासाठी केलं, समजलं मले."

मी पायडल मारत राहिलो.

"पण रिकामा चालवाचा नव्हता."

लोकांना वाटेल मी इथे चूक झाली म्हणेन. मी म्हणत नाही. पहिला कागद हातात आला तेव्हाचा तिचा चेहरा मी पाहिला आहे. तसं पुन्हा करायला मिळालं तर मी पुन्हा रिकामा चालवीन आणि तिनं पुन्हा बंद केला तरी चालेल.

सोमवारी ती माझ्याआधी घरातून निघाली. गल्लीत एका घरी अजून माग होता. म्हातारा-म्हातारी आपली विणत बसत, त्यांच्या सुताच्या कांड्या भरून द्यायला कोणी नव्हतं. ही जाऊन त्यांच्या चरख्यापाशी बसली. मी म्हटलं, त्यांचंच भागत नाही, ते तुला काय देणार.

"तिथं ताणा चढलेला आहे," ती म्हणाली.

पहिल्यासारखी कॅरिअरवर बसून ती पुन्हा कधी बडबडली नाही. पण घरी आल्यावर सांगायची, आज हिरव्या काठाचं लुगडं सुरू केलं, आज म्हातारी माझ्यावर चिडली. खड्ड्याच्या जागेवर बसणं सुटलं. मी त्या जागेवर गव्हाची कोठी सरकवून ठेवली.

थंडीत तिला खोकला लागला. तरुणपणापासून सुताचा कोंडा छातीत गेलेला, तो थोडाच निघतो. सेंटरच्या खालच्या दवाखान्यातच ठेवलं, म्हणजे मला वरून जाता-येता पाहता येईल. शेवटी शेवटी ती डोळे मिटून असायची. मी स्टुलावर बसलेलो. वर काम चालू झालं की छत बारीक हादरायचं.

"एकच वाजून राहिला," ती म्हणाली.

"हो. एक नंबर."

"दोन नंबर बंदच आहे ना?"

"बंदच आहे."

"राहू द्या."

त्यानंतर ती पाणी मागण्याशिवाय काही बोलली नाही. दोन दिवसांनी गेली. मी वर चहा द्यायला गेलो होतो, उतरून आलो तेव्हा नर्स तिच्या अंगावर चादर ओढत होती.

पुढे ऑपरेटर बाईचं लग्न झालं, ती नाशिकला गेली. जाईपर्यंत तिनं ते बटन पुसलं नाही. कार्बनचा डाग नंतर लोकांच्या बोटांनी आपोआप गेला. दोन नंबरवर रोज फडकं मारायचं काम मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मारायचो. दिवा लागलेला असायचा, हात लावला तर अंग कोमट.

मग गल्लोगल्ली छोटे कॉम्प्युटर आले आणि सेंटर बंद पडलं. सामान उचलायला एक कबाडी आला. त्याची माणसं एक नंबर उतरवून घेऊन गेली. तो दोन नंबरपाशी येऊन उभा राहिला.

"हा खराब आहे का गा काका?"

"नाही."

"मंग चालत काहून नाही?"

"बंद केला आहे."

"कोणं?"

"माझ्या बायकोनं."

त्यानं माझ्याकडे एखाद्या बह्याड, वेडसर माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. मग प्रिंटरला एक वळसा घातला. "दिवा तर लागून आहे. एक डाव चालवून दाखवता का?"

"काही छापाचं आहे का तुले?"

"नाही, असंच."

"मंग नाही," मी म्हटलं आणि खाली वाकून मागची वायर ओढली. हिरवा दिवा गेला. एका कोपऱ्याला मीच हात लावला आणि आम्ही तो जिन्यावरून, दवाखान्याच्या दारातून, खाली उतरवला.